काय जपावे, काय वगळावे

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखित ग्रंथांबरोबरच भोसले दरबारच्या मोडी कागदांचे रुमालही आहेत. त्यांत राजवाड्यातील खर्चाच्या नोंदी आढळतात. लिहिणाऱ्या कारकुनास त्या किरकोळ वाटल्या असतील; अभ्यासकास मात्र त्यांवरून त्या काळची राहणी समजते. तेव्हा एखादी नोंद क्षुल्लक आहे, असे ठरविणे सोपे नाही. संगणकातील माहिती जपतानाही हाच प्रश्न उद्भवतो.

समजा, एका रुमालातील १,००० पानांची छायाचित्रे संगणकात साठविली. प्रत्येक चित्रास ५० मेगाबाइट जागा लागली, तर एकूण सुमारे ५० गिगाबाइट होतात. आता या साठ्याचे रोज एक ‘स्नॅपशॉट’, म्हणजे क्षणचित्र, घेऊन अशी ३० क्षणचित्रे ठेवू. क्षणचित्र घेताना सर्व फाइलींची नक्कल होत नाही; त्या क्षणीची माहिती जेथे आहे तेथेच राखली जाते. म्हणून न बदललेली मूळ चित्रे तीसही क्षणचित्रांत मिळून ५० गिगाबाइटच व्यापतात.

परंतु चित्रे स्वच्छ करणारा प्रोग्राम रोज तितक्याच आकाराच्या तात्पुरत्या फाइली निर्माण करीत असेल, तर काय होईल? त्या आपण दुसऱ्या दिवशी पुसल्या, तरी आदल्या रात्रीचे क्षणचित्र त्यांना धरून ठेवते. त्यांची जागा मोकळी होत नाही. तीस दिवसांत त्या १,५०० गिगाबाइट अडवितात. चकती भरते ती मूळ ठेव्याने नव्हे, तर केराने!

उपाय असा : क्षणचित्र सामान्यतः साठ्याच्या एका संपूर्ण विभागाचे घेतले जाते. म्हणून तात्पुरत्या फाइलींसाठी निराळा विभाग करावा व त्याचे क्षणचित्र घेऊ नये. बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, घेताना वगळावयाच्या फोल्डरांची यादी देता येते. ही प्रत दुसऱ्या चकतीवर व शक्यतो दुसऱ्या ठिकाणी असावी. कारण चकती बिघडली की तिच्यावरील क्षणचित्रेही जातात.

वगळण्याची कसोटी ‘हे क्षुल्लक आहे काय?’ ही नव्हे. ‘हे मूळ माहितीवरून पुन्हा तयार करता येईल काय?’ ही होय. मूळ चित्रावरून केलेली लघुचित्रे पुन्हा करता येतात. वाचकाने मोडीचे केलेले देवनागरी लिप्यंतर आकाराने अगदी लहान असते. पण ते हरवले, तर सारे श्रम पुन्हा करावे लागतात. संशय असेल तेथे फाइल राखावी. शेवटी राखीव प्रतीवरून सर्व साठा एकदा प्रत्यक्ष उभा करून पाहावा. आवश्यक असे काही वगळले गेले असल्यास ते मूळ साठा सुरक्षित असतानाच कळते.