धुराशिवाय सुगंध : घरच्या घरी सुगंधाची बरणी

आपल्या वस्तीतील बहुतेक घरे एका खोलीची. त्याच खोलीत चूल किंवा गॅस, त्यातच झोपणे, तिथेच मुलांचा अभ्यास. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, कपडे आतच वाळतात, दाराशी गटार असते. मग कुबट वास घालवायला अगरबत्ती, धूप, आणि रात्री डासांसाठी कॉइल लावली जाते. वास दबतो, पण धूर मात्र घरातच राहतो.

धुरात काय असते?

कोणतीही वस्तू जळली की अतिशय बारीक कण हवेत पसरतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. अगरबत्तीच्या धुरात या कणांबरोबर कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन असे घातक वायूही असतात. एक डासांची कॉइल पूर्ण जळली की निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. लहान मुले, गरोदर बाया, दम्याचे रुग्ण आणि वृद्ध यांना या धुराचा त्रास सर्वांत जास्त होतो.

आधी वासाचे मूळ शोधा

सुगंधाने घाण जात नाही, फक्त लपते. म्हणून ओले फडके बाहेर वाळत घाला, गोधड्या-उशांना ऊन दाखवा, कचऱ्याचा डबा रोज रिकामा करा, मोरीच्या जाळीतील केस व खरकटे काढा. समोरासमोरची दार-खिडकी रोज थोडा वेळ उघडी ठेवा.

साहित्य

- जॅमची किंवा लोणच्याची रिकामी, धुऊन कोरडी केलेली काचेची छोटी बरणी
- खाण्याचा सोडा ४-५ चमचे
- लवंगा ८-१०, दालचिनीचा छोटा तुकडा
- संत्र्याची किंवा लिंबाची उन्हात कडक वाळवलेली साल
- निलगिरी तेल ८-१० थेंब
- जुन्या सुती कापडाचा तुकडा आणि रबर

कृती

१. लवंग, दालचिनी आणि साल जाडसर कुटून घ्या.
२. बरणीत सोडा घालून त्यात ही पूड मिसळा.
३. वरून निलगिरीचे थेंब टाकून चमच्याने हलवा.
४. तोंडाला कापड लावून रबराने घट्ट बांधा. झाकण लावू नका. कापडातून सुगंध हळूहळू बाहेर येतो आणि सोडा आजूबाजूचा वास थोडाफार शोषतो.
५. वास मंदावला की बरणी हलवा किंवा ४-५ थेंब पुन्हा टाका. महिन्याने सोडा बदला. जुना सोडा मोरी घासायला वापरा.

तेल नसेल तर गवती चहाची जुडी पाण्याच्या पेल्यात ठेवा. पाणी रोज बदला, नाहीतर त्यात डास अंडी घालतील. उन्हाळ्यात वाळ्याची जुडी भिजवून खिडकीला टांगली तरी घर गार आणि सुवासिक राहते.

हे जपा

- निलगिरी तेल आणि कापूर पोटात गेल्यास विषारी असतात. थोड्याशा प्रमाणातही लहान मुलाला झटके येऊ शकतात किंवा ते बेशुद्ध पडू शकते. बाटली आणि बरणी दोन्ही उंचावर ठेवा. मुलाने गिळलेच तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.
- घरात दोन वर्षांच्या आतले बाळ असेल तर तेल आणि कापूर नको. साल-लवंग पुरे.
- कपड्यांत डांबर गोळ्या घालू नका. काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात आणि कावीळ होते.
- सुगंधानेही कुणाला खोकला, शिंका किंवा धाप लागली तर बरणी घराबाहेर काढा.
- या बरणीने डास जात नाहीत. त्यासाठी मच्छरदाणीच हवी.
- गॅसचा वास कधीही दाबू नका. गळती कळावी म्हणूनच गॅसमध्ये तो उग्र वास मिसळलेला असतो. असा वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर काढा आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवा.

वंदनेसाठी फुले आणि मेणबत्ती पुरते. अगरबत्ती लावायचीच झाली तर एकच लावावी, दार उघडे ठेवावे आणि वंदना संपताच ती विझवावी. विहारात मुले आणि वयस्क मंडळी दाटीने बसतात, तिथेही हाच नियम पाळावा.

या बरणीला खर्च फार नाही. निम्मे सामान घरातच सापडते. येत्या रविवारी मुलांना सोबत घेऊन साल वाळत घाला. बरणी तयार झाली की शेजारच्या घरीही करून दाखवा. एका घराचा धूर पातळ भिंतीतून दुसऱ्या घरात जातोच, म्हणून ही सवय सगळ्या चाळीने मिळून लावून घेतली तर फायदा सगळ्यांचाच आहे.