एमएसएन की डीएनपी? क्लिनिक काढायचं असेल तर आधी गल्ल्याचा हिशोब करा

बीबीएनंतर एमबीएची फी भरायची की त्याच पैशात दुकान टाकायचं, यावर आमच्या घरी झालेली खडाजंगी मागच्या व्हिडिओत सांगितली होती. तो बघून माझ्या मावसबहिणीचा टेक्ससहून फोन आला. ती तिथे नर्स आहे. नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं, म्हणजे रुग्ण तपासून औषधंही लिहून द्यायची, आणि पुढे स्वतःचं छोटं क्लिनिक काढायचं, असं तिच्या डोक्यात आहे. "दादा, मास्टर्स करू की थेट डॉक्टरेट?"

मास्टर्स म्हणजे एमएसएन, बीएसएननंतर साधारण २-३ वर्षं. डीएनपी ही डॉक्टरेट, ३-४ वर्षं. तिकडच्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने २००४ साली ठरवलं होतं की २०१५ पर्यंत डीएनपीच किमान पदवी व्हावी. २०१५ येऊन गेलं, तसं काही झालं नाही. आजही एमएसएनवर परवाना मिळतो, सर्टिफिकेशनची परीक्षाही दोघांना तीच. (भूल देणाऱ्या नर्सचं वेगळं आहे, त्यांना २०२२ पासून नवीन प्रवेश डॉक्टरेटलाच.)

आता गल्ल्याकडे या. मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतो. एमएसएन असो वा डीएनपी, दर तोच! म्हणजे पाटीवरची पदवी वाढली तरी बिल वाढत नाही. आणि जादा वर्षाचा खर्च म्हणजे फक्त फी नाही बरं का. त्या वर्षात जी कमाई झाली असती तीही गेली. फी दिसते, ही दिसत नाही, म्हणून सगळे इथेच फसतात. मीही फसलो असतो.

पदवीपेक्षा मोठा मुद्दा राज्याचा. टेक्ससमध्ये औषध लिहायला डॉक्टरसोबत करार लागतो, आणि बरेच डॉक्टर त्याचे दरमहा पैसे घेतात. दुकानाच्या भाड्यासारखंच ते. डीएनपी केली म्हणून तो करार सुटत नाही. ॲरिझोना किंवा वॉशिंग्टन राज्यात एमएसएनवालीसुद्धा अशा कराराशिवाय क्लिनिक चालवते.

कॉलेजात शिकवायचं असेल, हॉस्पिटलात वरच्या पदावर जायचं असेल किंवा फी मालक भरणार असेल, तर डीएनपी जरूर करा. एमएसएननंतर नोकरी सांभाळूनही ती करता येते.

बहिणीला म्हटलं, आधी दोन-तीन डॉक्टरांना कराराची रक्कम विचार. आकडे आले की पुढच्या व्हिडिओत फळ्यावर मांडतो.