‘नाही’ म्हणण्याचा सराव

प्रश्न : मी विरारच्या मनवेलपाड्यात राहते. नोकरी, विरार लोकल आणि घर या धावपळीत कुणालाच ‘नाही’ म्हणवत नाही. काय करू?

उत्तर : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे उपयोगी पडते. तिच्या मते माणसाला अस्वस्थ करते ती घटनेपेक्षा तिच्याविषयीची धारणा. ‘नकार दिला तर माणसं तुटतील’ ही अशीच धारणा. ती कागदावर उतरवून तपासावी.

मग त्या धारणेला छेद देणारी कृती हवी. एलिस यांचंच उदाहरण पाहा.

स्त्रियांशी बोलायला घाबरणाऱ्या एलिस यांनी १९व्या वर्षी न्यूयॉर्कच्या बागेत सुमारे १०० अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलून ती भीती घालवली. वाचक भगिनीनेही या आठवड्यात न पटणाऱ्या एका छोट्या मागणीला शांतपणे नकार द्यावा.