वाळवंटातला घाम दिसत नाही

प्रश्न : ऑक्टोबरअखेर आम्ही जैसलमेरला जाणार आहोत, समच्या वाळूत तंबूत एक मुक्काम आहे. आई ६४ वर्षांची, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेते. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कोरड्या हवेत घाम अंगावर येताच उडून जातो, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. आईंच्या गोळीमुळे हा धोका वाढतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने बंद करू नका. तहान लागायची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्यावं. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा. बडबड, गोंधळ किंवा शुद्ध हरपणं म्हणजे उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला, तातडीने रुग्णालयात हलवा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका.

रात्री गारठा असतो, स्वेटर हवाच. अंधारात बॅटरीशिवाय, अनवाणी फिरू नका. तिथे फुरसं आणि विंचू आढळतात. सकाळी बूट झटकूनच घाला.

थरच्या भागात, विशेषतः बिकानेरकडे, वाळूमाशीच्या चाव्यातून लेशमॅनियासिस हा त्वचारोग होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उघड्या अंगाला डासरोधक मलम लावा. परतल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही, चेहऱ्यावर किंवा हातावर न दुखणारी, न भरणारी जखम दिसली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि हा प्रवास त्यांना आवर्जून सांगा.