गटारातली बाबागाडी

टिम बर्टनचा ‘बॅटमॅन रिटर्न्स’ जून १९९२मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. मिरजेत आमच्या घरी तो पोचला त्यानंतर काही काळाने, व्हिडिओ कॅसेटवर. चुलतभावाने हट्ट धरून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणवला होता. घरातल्या बाकीच्यांना एक हिंदी सिनेमा बघायचा होता, तो आधी झाला आणि मग उरलेल्या रात्रीत हा. सुपरहिरोंच्या सिनेमांचं मला एरवी फारसं वेड नाही. या एका सिनेमाने मात्र माझी बघण्याची, घाबरण्याची आणि कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे ठरवण्याची सवयच बदलली. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

१. ज्याची भीती वाटते त्याचीच कीवही येऊ शकते

नाताळची रात्र. एका श्रीमंत घरात मूल जन्मतं. त्याचा चेहरा आपल्याला दाखवत नाहीत, दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं. मग पिंजरा, पिंजऱ्याजवळून जाणारं मांजर, आत ओढलं जाणारं मांजर. बाप-आई बाबागाडी घेऊन बर्फातून बागेतल्या पुलावर येतात. समोरून तसंच एक जोडपं आपली बाबागाडी ढकलत येतं, नाताळच्या शुभेच्छा देऊन पुढे जातं. ते नजरेआड होताच हे दोघं बाबागाडी उचलून खालच्या प्रवाहात फेकतात. ती गाडी गटारांच्या बोगद्यांतून वाहत जाते, वर श्रेयनामावली उमटत राहते, आणि शेवटी अंधारातून पेंग्विन तिच्याकडे चालत येतात.

या सगळ्यात संवाद जवळजवळ नाहीत. आमच्या घरात इंग्रजी समजणारं कुणी नव्हतं, तरी या भागाला कुणाचंच काही अडलं नाही. आजी तोवर जागी होती. ती म्हणाली, “कर्णच की गं हा.” मला आजही यापेक्षा नेमकं समीक्षण सापडलेलं नाही. फरक एवढाच, की कर्णाला पुढे राधा मिळाली. बाबागाडीतल्या या ऑस्वाल्ड कॉबलपॉटला मिळाले गटारातले पेंग्विन आणि एक गुन्हेगार सर्कस.

डॅनी डिव्हिटोने उभा केलेला मोठेपणीचा ऑस्वाल्ड, म्हणजेच ‘पेंग्विन’, घाणेरडा आहे, लोचट आहे, तोंडातून काळं ओघळतं, कच्चा मासा खातो. ज्या शहराने आपल्याला टाकलं त्या शहरातली सगळी ज्येष्ठ मुलं पळवून मारायचा त्याचा बेत आहे. मी बहिणींतली थोरली, त्यामुळे त्या यादीत मी येते का, हा प्रश्न मला रात्रभर छळत होता. (फक्त मुलगे, हे मला पुष्कळ नंतर कळलं.) आणि तोच पेंग्विन मेल्यावर मोठे पेंग्विन दोन्ही बाजूंनी येतात, त्याला पाण्यात सोडतात, तेव्हा मी रडले. वाईट माणूस मेला की टाळ्या वाजवायच्या, हे तोवर प्रत्येक सिनेमाने शिकवलं होतं. इथे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. संगीतही वाजवू देत नाही. डॅनी एल्फमनने तिथे विजयाचा सूर लावलेलाच नाही, त्याने दुखवट्याचा सूर लावला आहे.

२. अंधारही बांधून काढावा लागतो

आमच्या कॅसेटवर गॉथम शहर जेमतेम दिसत होतं. कॉपीची कॉपी असावी. काळ्यावर काळं, मध्येच पांढरा बर्फ आणि पट्ट्या. मला वाटायचं की या सिनेमाचं गूढ त्या खराब कॅसेटमुळे होतं. पुढे स्वच्छ प्रत पाहिली आणि अंधार तसूभरही कमी झाला नाही, कारण तो कुणीतरी मेहनतीने रचलेला होता.

पहिल्या ‘बॅटमॅन’चं (१९८९) गॉथम अँटन फर्स्टने उभारलं होतं आणि त्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं. दुसऱ्या भागासाठी बो वेल्च आला. जवळजवळ सगळं गॉथम कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओंच्या छताखाली बांधलं गेलं: चौक, प्रचंड पुतळे, दुकानांच्या काचा, छपरं, प्राणिसंग्रहालयातलं पडीक आर्क्टिक दालन. छताखालचं असल्यामुळे या शहराला आकाश नाही. वर बघावं तर आणखी भिंत. लहानपणी जीव घुसमटायचा तो यामुळे. खरे पेंग्विन आणले होते म्हणून सेट थंड ठेवावे लागत. खऱ्यांच्या जोडीला स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेत घडवलेले यांत्रिक पेंग्विन होते, काही संगणकावर केलेले होते, आणि त्या अंत्ययात्रेतले सर्वांत मोठे पेंग्विन म्हणजे पोशाखांच्या आत चालणारी ठेंगणी माणसं.

हे सगळं वाचल्यावर जादू उतरेल अशी मला धास्ती होती. झालं उलटंच. आता तो प्रसंग बघताना त्या पोशाखांच्या आत श्वास कोंडून, पाय ओढत, एका खोट्या प्रेताचा मान राखणारी माणसं मला दिसतात आणि रडू अधिकच येतं.

३. नायकाने थोडं बोलावं

मायकेल कीटनचा ब्रूस वेन पहिल्यांदा दिसतो तो काळोख्या खोलीत नुसता बसलेला. खिडकीतून वटवाघळाच्या खुणेचा झोत त्याच्यावर पडतो आणि तो उठून उभा राहतो. बस. कीटनने आपले बरेच संवाद स्वतःहून काढून टाकायला लावले होते. आम्ही त्याआधी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेलो. वेताळाला बायको होती, लांडगा होता, घोडा होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा होता. कवटीच्या गुहेत राहूनही तो एकटा नव्हता. हा मात्र महालात राहून एकटा. मला वेताळ अजून आवडतो. पण आजारपणात आठवतो तो काळोखात बसलेला ब्रूस वेन.

४. काही पात्रं नोकरी लागल्यावर कळतात

लहानपणी कॅटवुमन म्हणजे चाबूक, कोलांट्या आणि चकचकीत काळा पोशाख. मिशेल फायफर चाबूक चालवायला खरोखर शिकली होती. दुकानातल्या पुतळ्यांची मुंडकी ती ओळीने उडवते ते तिचंच कसब. जिवंत पक्षी तोंडात धरून सोडून देते तेही खरं. भावाला आणि मला एवढं पुरेसं होतं.

तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा पाहिला तेव्हा मला सेलिना काइल दिसली. मॅक्स श्रेक या बड्या व्यापाऱ्याची सेक्रेटरी. मोठ्या लोकांच्या बैठकीत कॉफी ओतते. धीर करून काहीतरी सुचवायला तोंड उघडते, टेबलाभोवतीचे पुरुष गप्प होऊन बघतात, आणि मालक तिच्यावर एक विनोद करून विषय बदलतो. तो एवढासा प्रसंग मी थांबवून पुन्हा पाहिला. मी तेव्हा एका कार्यालयात बैठकींचे वृत्तांत लिहीत असे. तिथे मी मांडलेली सूचना पुढच्या बैठकीत दुसऱ्याच्या नावावर यायची आणि ती त्याच्या नावाने लिहून काढायचं कामही माझंच असायचं. सेलिनाचं ते अर्धवट उघडलेलं तोंड मला आरशातून ओळखीचं होतं.

ती घरी येते. गुलाबी भिंती, बाहुलीघर, कापडी प्राणी. नवरा असल्यासारखी दारातून हाक देते आणि लग्न झालेलं नाही याची स्वतःलाच आठवण करून देते. आन्सरिंग मशीनवर आईची कुरकुर, मित्राने रद्द केलेली सुट्टी. मग कामासाठी रात्री परत ऑफिसात. श्रेकचं नवं वीजकेंद्र शहराला वीज देणार नसून शहराची वीज शोषून साठवणार आहे हे तिला कागदपत्रांत सापडतं. ती हुशार आहे, तिने फाइल नीट वाचली, आणि नेमक्या त्याच कारणासाठी श्रेक तिला खिडकीतून ढकलून देतो.

बर्फात पडलेल्या सेलिनाभोवती गल्लीतली मांजरं जमतात. ती उठून पुन्हा त्याच घरी येते, तीच हाक देते, पण आता तिचा आवाज यंत्रातून आल्यासारखा असतो. मशीनवर एका अत्तराची जाहिरात लागते: हे लावा म्हणजे साहेब खूश. तिथे तिचा बांध फुटतो. कापडी प्राणी ती कचरा दळणाऱ्या यंत्रात कोंबते, गुलाबी भिंतींवर आणि बाहुलीघरावर काळा रंग फवारते, कपाटातून काळा कोट ओढते आणि शिवायला बसते. बॉब रिंगवूड आणि मेरी व्होट यांनी त्या पोशाखावर पांढरे टाके उघडे ठेवले आहेत. ही बाई फाटली होती आणि तिने स्वतःला स्वतःच शिवलं, हे ते टाके सांगतात. सिनेमा पुढे सरकतो तसा तो पोशाख उसवत जातो.

मुखवट्यांच्या नृत्याचा प्रसंग तर लहानपणी आम्ही पुढे पळवला होता. मारामारी नव्हती ना त्यात. श्रेकच्या त्या मेजवानीत प्रत्येक जण मुखवटा घालून आलेला, आणि उघड्या चेहऱ्याने आलेले दोघंच, ब्रूस आणि सेलिना. नाचता नाचता, आधी गच्चीवर काळ्या पोशाखांत एकमेकांना बोललेलं वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा येतं आणि दोघांनाही कळतं की आपण कुणाबरोबर नाचतो आहोत. सेलिना विचारते, म्हणजे आता आपण भांडायचं का? सुपरहिरोंच्या सिनेमात इतका हताश प्रेमप्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही. आणि शेवटी ब्रूस मुखवटा फाडून तिला आपल्या घरी चल म्हणतो तेव्हा ती नाही म्हणते. त्या महालात त्याच्यासोबत राहायला आवडलं असतं, पण स्वतःसोबत राहता आलं नसतं. तिचा तो नकार मला या सिनेमातला सर्वांत धाडसी क्षण वाटतो. बॅटमॅनने केलेलं काहीही त्याच्या जवळपास येत नाही.

५. मुलांना काय झेपतं हे खेळण्यांच्या विक्रीवरून ठरू नये

अमेरिकेत या सिनेमाबरोबर मॅकडॉनल्ड्सने मुलांच्या जेवणात खेळणी दिली होती. सिनेमा बघून आलेले पालक चिडले, इतकं काळं, इतकं चावट मुलांना कसं दाखवता म्हणून. पहिल्या भागाने जगभरात सुमारे ४१ कोटी डॉलर मिळवले होते, याने सुमारे २७ कोटी. स्टुडिओने दिशा बदलली. १९९५चा ‘बॅटमॅन फॉरेव्हर’ जोएल शूमाकरकडे गेला, शहर रंगीबेरंगी दिव्यांनी उजळलं.

पालकांचा राग मला समजतो. दहा-अकराच्या मुलीला हा सिनेमा दाखवावा का, याचं सरसकट उत्तर नाही. माझ्या बाबतीत शेजारी आजी होती, भाऊ होता, घरात माणसं झोपलेली होती. भीती वाटली तर हात धरायला कुणीतरी होतं. मुलांना अंधाराची बाधा होत नाही, अंधारात एकटं सोडलं तर होते. पेंग्विनची कथाही हेच सांगते. नंतरचे उजळ भाग मी पाहिले, करमणूक झाली, आज त्यातला एक प्रसंगही धड आठवत नाही.

६. आवडलेल्या सिनेमाचं कूळ शोधत जावं

पुण्यात शिकायला आल्यावर एका फिल्म क्लबमध्ये रॉबर्ट वीनेचा ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ (१९२०) पाहिला. तिरक्या भिंती, कापडावर रंगवलेल्या सावल्या, उंच टोपी आणि झगा घालून डुलत चालणारा डॉक्टर. मी खुर्चीत ताठ झाले. हा तर आमचा पेंग्विन! मग एकातून एक निघत गेलं. फ्रिट्झ लँगच्या ‘मेट्रोपोलिस’मधल्या (१९२७) छाती दडपणाऱ्या इमारती म्हणजे गॉथमची आजोळची माणसं. मॅक्स श्रेक हे नाव तर थेट मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’मध्ये (१९२२) रक्तपिपासू झालेल्या नटाचं. शहराची वीज शोषणाऱ्या व्यापाऱ्याला बर्टनने त्याचं नाव दिलं. ‘कॅलिगरी’त झोपेत चालणारा सीझर झालेला कॉनराड फाइट पुढे ‘द मॅन हू लाफ्स’मध्ये (१९२८) कायमचं हसू कोरलेल्या माणसाच्या भूमिकेत आला, आणि त्याच चेहऱ्यावरून बॅटमॅनचा जोकर सुचला. त्या सिनेमाचा नायकही लहानपणी बर्फात सोडून दिलेला.

भाड्याच्या कॅसेटवर पाहिलेल्या त्या रात्रीमागे महायुद्धातून हरून निघालेल्या जर्मनीची भीती उभी होती, हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली. आठवणीत रमणं मला फार आवडतं, पण आठवणीने पुढे कुठेतरी नेलं तर अधिक आवडतं.

७. दुसऱ्याला दाखवताना गप्प बसावं

गेल्या डिसेंबरात बारा वर्षांच्या भाचीला तो दाखवला. “मावशी, आता काय होणार ते सांगू नको,” असं तिने आधीच बजावलं. मी सांगितलं नाही. कॅटवुमन तिला आवडली, पण फार थांबली नाही तिथे. पेंग्विनचा गोंधळ तिला किळसवाणा वाटला. सिनेमा संपल्यावर मात्र तिने मला कधीच न सुचलेला प्रश्न विचारला: बॅटमॅनचेही आईवडील नाहीत, तोही श्रीमंत घरातला, मग याला पहिल्या दिवशी भेटून त्याने बोलून का नाही बघितलं? पेंग्विन आईबापांचं नाव शोधत होता तेव्हा सगळं शहर हळहळत होतं. तेव्हाही ब्रूसला संशयच आला. तो संशय खरा ठरला म्हणून बरोबर होतो का?

आम्ही जेवतानाही त्यावरच बोलत होतो. तिची आई म्हणाली, संशय घेणं हे त्याचं कामच आहे. भाची ऐकेना. आता तिला १९८९चा पहिला भाग बघायचा आहे. त्यात पेंग्विन नाही, जॅक निकल्सनचा जोकर आहे, आणि मला त्याची कधी कीव आलेली नाही. तिला येते का ते या रविवारी बघायचं आहे.