जेवणाऐवजी शेक : वजन उतरवण्याच्या मार्गांची पारख

जेवणाऐवजी घ्यायचा शेक म्हणजे एका पूर्ण जेवणाची जागा घेईल अशा बेताने तयार केलेली पूड. ती दुधात किंवा पाण्यात कालवून पितात. खाद्यपदार्थांचे आंतरराष्ट्रीय मानदंड ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने १९९१ मध्ये अशा पदार्थांसाठी मर्यादा घातल्या. त्यानुसार एका जेवणाच्या बदल्यात २०० ते ४०० कॅलरी मिळाव्यात, त्यांतल्या २५ ते ५० टक्के प्रथिनांतून याव्यात आणि जीवनसत्त्वे व खनिजे ठरावीक प्रमाणात असावीत. व्यायामशाळेत घेतली जाणारी प्रोटीन पावडर किंवा मुलांना दुधातून द्यायची चॉकलेटी पूड या व्याख्येत बसत नाही. पहिली पूरक आहे, दुसरीत साखर भरपूर असते. दोन्हींवर जेवण सोडणे योग्य नाही.

शेकमध्ये चरबी जाळणारे काही नसते. दोन पोळ्या, भाजी, आमटी आणि भात असे मध्यम जेवण सहाशे-सातशे कॅलरींचे होते; शेक दोनशे-अडीचशेचा असतो. वजन उतरते ते या फरकामुळे. शेकचा खरा गुण मोजमापात आहे. फोडणीत चमचाभर तेल जास्त पडले तर ४५ कॅलरी वाढतात आणि त्या ताटात दिसत नाहीत. शेकचे माप मात्र ठरलेले असते. काय खावे, किती वाढून घ्यावे, हा दर जेवणाचा प्रश्न काही काळ मिटतो.

इतिहासाचे धडे

अमेरिकेत १९५९ मध्ये मेट्रेकल नावाचे पेय बाजारात आले. दिवसाला ९०० कॅलरी, एवढाच त्याचा बेत होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथेच द्रव प्रथिनांची लाट आली. जनावरांच्या कातडी-कूर्चांपासून काढलेल्या निकृष्ट प्रथिनांच्या द्रावणावर लोक महिनोन्‌महिने राहिले. हृदयाचे ठोके बिघडून पन्नासहून अधिक मृत्यू झाल्याची नोंद झाली आणि प्रथिनांची प्रत व खनिजे यांचा प्रश्न ऐरणीवर आला. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध निवेदिका ऑप्रा विन्फ्री यांनी द्रव आहारावर घटवलेल्या वजनाइतकी, सुमारे ३० किलो चरबी हातगाडीवर ठेवून प्रेक्षकांना दाखवली. पुढे ते वजन परत आले आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितले. पहिला धडा शेकच्या गुणवत्तेचा आहे, दुसरा शेक संपल्यानंतरच्या काळाचा. पहिला बहुतेकांच्या लक्षात राहतो, दुसरा राहत नाही.

पुरावा काय सांगतो

शेकच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या चाचणीत टाइप २ मधुमेहाचे ३०६ रुग्ण होते. त्यांतल्या एका गटाला तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा शेक-सूपचा आहार दिला गेला. त्यानंतर नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने परत आणले आणि मग नियमित भेटी चालू ठेवल्या. वर्षाअखेर या गटातल्या ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाविना आटोक्यात होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. ऑक्सफर्डच्या ‘ड्रॉपलेट’ या अभ्यासात अशाच आहारावरच्या लोकांचे वजन वर्षाने सरासरी १०.७ किलोंनी कमी होते, तर दवाखान्यातल्या नेहमीच्या सल्ल्यावर असलेल्यांचे ३.१ किलोंनी.

पाच वर्षांनी चित्र बदलते. ‘डायरेक्ट’मध्ये पुढेही देखरेखीखाली राहिलेल्या गटात सरासरी ६.१ किलोंची घट टिकली, पण साखर आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. अमेरिकेच्या ‘लुक अहेड’ चाचणीत पाच हजारांहून अधिक मधुमेही होते. तिथे शेक, व्यायाम आणि समुपदेशन यांच्या जोडीने पहिल्या वर्षी वजन ८.६ टक्के उतरले. साडेनऊ वर्षांनी मूळ वजनाच्या ६ टक्क्यांची घट टिकून होती. या प्रत्येक चाचणीत शेकच्या मागे प्रशिक्षित मार्गदर्शक आणि नियमित भेटी होत्या. आकड्यांचे श्रेय एकट्या डब्याला देता येत नाही.

वजन परत का चढते, याचे उत्तर मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. त्यांनी ५० जणांना दहा आठवडे अति-अल्प कॅलरींचा आहार दिला. वर्ष उलटल्यावरही त्यांच्या शरीरातील भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेली होती. वजन उतरलेला माणूस पूर्वीपेक्षा जास्त भुकेला असतो. शेक बंद होतो तेव्हा नेमकी ही भूक समोर उभी असते.

अनुभवातून दिसलेले

तालुक्याच्या गावांपासून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांपर्यंत सकाळी ‘न्यूट्रिशन क्लब’ भरतात. काट्यावर वजन, मग शेक आणि हर्बल चहा, उतरलेल्या वजनाला टाळ्या, असा त्यांचा क्रम असतो. प्रस्तुत लेखिकेने अशाच एका क्लबात दोन जेवणांच्या जागी शेक घेतले. तिथले अनुभव इतरांच्याही वाट्याला येणारे असल्याने ते क्रमाने नोंदवणे उपयोगाचे आहे.

पहिल्या पंधरवड्यात काटा झपाट्याने खाली गेला. या काळातली बरीच घट पाण्याची असते. यकृत आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा वापरला जातो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. पोळी-भात सुरू होताच हे पाणी परतते. पहिल्या आठवड्यांच्या वेगावरून महिन्यांचा हिशेब मांडला की निराशा ठरलेली असते, आणि डबे विकताना नेमका तोच हिशेब मांडला जातो.

पुढे बद्धकोष्ठ झाला, अंगाला सतत गारवा जाणवू लागला, आणि दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. वेगाने वजन उतरल्यावर केस असे गळतात. बहुधा ते पुन्हा येतात. अशा वेळी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि आहारातले प्रथिन तपासायला हवे. क्लबातले उत्तर मात्र आणखी एका डब्याचे होते. ‘कोच’ म्हणवणाऱ्या व्यक्तीचे पोषणशास्त्राचे शिक्षण नव्हते आणि तिचे उत्पन्न विक्रीवर होते. जो वजन मोजतो तोच माल विकत असेल, तर ‘आता शेक थांबवा’ हा सल्ला त्याच्याकडून सहसा मिळत नाही. काही महिन्यांनी ग्राहकालाच विक्रेता होण्याचा आग्रह सुरू होतो. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना, म्हणजे नवी माणसे जोडण्यावर चालणाऱ्या साखळ्यांना, मनाई केली आहे, हे अशा वेळी माहीत असावे.

सर्वांत मोठी उणीव शेवटी कळली. शेक बंद झाल्यावर कधी, काय आणि किती खायचे, हे सुरुवातीपासून कोणीच ठरवून दिले नव्हते. उतरलेले बरेचसे वजन परत चढले. ते पुन्हा उतरले आणि टिकले ते आहारतज्ज्ञाने घरच्या जेवणाचे प्रमाण बसवून दिल्यावर. म्हणून शेक घ्यावा की नाही, याचा निर्णय शेक संपल्यानंतरच्या जेवणावरून करावा. ते जेवण कागदावर उतरले नसेल तर डबा उघडू नये.

इतर मार्ग

*घरचे जेवण, प्रमाणात.* हा सर्वांत संथ आणि सर्वांत स्वस्त मार्ग आहे. ज्वारीची एक लहान भाकरी, कमी तेलातली वाटीभर मटकीची उसळ आणि दह्यातली काकडीची कोशिंबीर हे रात्रीचे जेवण साधारण सव्वातीनशे कॅलरींचे होते. त्यात तेरा-चौदा ग्रॅम प्रथिन असते आणि पोट भरेल इतका चोथाही. उकडलेले अंडे जोडले तर प्रथिन शेकच्या बरोबरीला येते. यात माप घरच्यांनाच सांभाळावे लागते: महिन्याचे तेल मोजून आणणे, चहातली साखर कमी करणे, भाताची वाटी ठरवणे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन लागते. पोळी-भातावर भर असलेल्या ताटात आधी तेच वाढवावे लागते.

*उपवास आणि दोन वेळा जेवण.* महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत घरोघरी पोहोचली. मधले चहा-बिस्कीट आणि फरसाण बंद होते, हा तिचा मोठा लाभ. पण चीनमध्ये ग्वांगझू येथे १३९ जणांवर झालेल्या अभ्यासात, कॅलरी सारख्याच कमी केल्यावर खाण्याचे तास मर्यादित करण्याचा वेगळा फायदा आढळला नाही. दोन्ही जेवणे भरगच्च झाली तर वजन हलत नाही. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याचे वेफर यांवरचा उपवास तर नेहमीच्या जेवणाहून जड होतो.

*व्यायाम.* अर्धा तास चालण्याने सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात तीनशेच्या जवळपास असतात. त्यामुळे नुसत्या व्यायामाने वजन थोडेच उतरते. उतरलेले वजन टिकवण्यासाठी आणि स्नायू राखण्यासाठी मात्र त्याला पर्याय नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि चालणे सुधारल्यावर मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात फारशी घट न होता. काटा हलला नाही तरी चालण्याचे फळ मिळते.

*औषधे.* आठवड्यातून एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के उतरले. २०२५ पासून टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात मिळू लागले. मळमळ, उलट्या आणि पित्ताशयाचे त्रास हे त्यांचे दुष्परिणाम. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे दिसले. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची आहेत आणि त्यांचा खर्च दीर्घकाळ चालतो. अति स्थूलतेत बॅरियाट्रिक शस्त्रक्रियेने होणारी घट सर्वांत मोठी आणि टिकाऊ असते; त्यानंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या आयुष्यभर लागतात.

कोणी घेऊ नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेले, आणि पूर्वी खाण्याचा विकार होऊन गेलेले यांनी स्वतःच्या मनाने शेकवर राहू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण एकदम घटवले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. ‘डायरेक्ट’मध्ये मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्या दिवशी थांबवली गेली, ती डॉक्टरांनी. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरत राहिले तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

आशियाई भारतीयांसाठीच्या निकषांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. या मर्यादेत असलेल्याला लग्नसराईपुरते दोन-तीन किलो उतरवायचे असतील तर शेकची गरज नाही.

घ्यायचाच असेल तर

डब्यावर एफएसएसएआयचा (भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी परवाना क्रमांक पाहावा. एका वेळच्या मापात किती कॅलरी, प्रथिन आणि साखर आहे ते वाचावे. काही डब्यांवरचे प्रथिन दूध धरून लिहिलेले असते, पुडीतले त्याहून कमी असते. प्रत्येक घटक नावाने छापलेला नसेल, किंवा ‘आयुर्वेदिक फॅट बर्नर’ अशी मोघम भर असेल, तर डबा परत ठेवावा. सुरू करण्यापूर्वी साखर, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन यांच्या तपासण्या कराव्यात.

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सर्व जेवणे शेकवर नेऊ नयेत. दिवसाचे एक, फार तर दोन जेवण बदलावे आणि उरलेल्या जेवणात भाज्या, डाळ-उसळ आणि ताक भरपूर असावे. पाणी आणि चोथा वाढवला की बद्धकोष्ठ टळतो. वजनांचा साधा व्यायाम आठवड्यातून दोनदा केला तर स्नायू कमी झिजतात. शेक थांबवण्याची तारीख आधी ठरवावी, आणि त्यानंतर दोन ते आठ आठवड्यांत एकेक जेवण मोजून परत आणावे. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला या बेतात पहिल्या दिवसापासून घ्यावे, कारण शेवटी वजन सांभाळले जाते ते तिने रांधलेल्या जेवणावर.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करावे. ‘डायरेक्ट’मध्ये दोन किलोंहून अधिक वजन परत चढले की दिवसाचे एक जेवण काही आठवडे पुन्हा शेकवर नेत. शेकचा सर्वांत शहाणपणाचा दीर्घकालीन उपयोग हाच आहे. तीन महिन्यांच्या प्रयत्नानंतरही वजन पाच टक्क्यांनी उतरले नाही, तर डबा किंवा कंपनी बदलण्याऐवजी डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, झोप, चालू औषधे आणि इतर कारणे तपासून घ्यावीत.