पुनर्निर्मित कागद : पारख आणि छपाई

ग्रामपंचायतीचा वार्षिक अहवाल असो, शाळेची स्मरणिका असो वा वाचनालयाची माहितीपुस्तिका, ती पुनर्निर्मित कागदावर छापावी, असा आग्रह आता अनेक ठिकाणी धरला जातो. आग्रह योग्यच आहे. तथापि प्रती हाती आल्या की पुष्कळांचा विरस होतो. अक्षरे जाड आणि छायाचित्रे काळवंडलेली दिसतात, व दोष कागदाच्या माथी मारला जातो. वस्तुतः मजकूर सिद्ध केलेला असतो गुळगुळीत लेपयुक्त कागदासाठी आणि छापला जातो लेपरहित कागदावर. या विसंगतीचे हे फळ होय.

आर्ट पेपरच्या पृष्ठावर चिनी मातीचा किंवा चुनखडीच्या भुकटीचा लेप असतो, आणि शाई त्या लेपावरच थांबते. लेपरहित कागदात, उदाहरणार्थ परिचित मॅपलिथोत, ती तंतूंमध्ये शिरते आणि कडेने थोडी पसरते. पुनर्निर्मित कागदाची घडण आणखी निराळी. रद्दी पाण्यात भिजवून तिचा लगदा करतात, जुनी शाई धुऊन काढतात आणि त्या लगद्याचा पुन्हा ताव तयार करतात. अशा प्रत्येक फेरीत तंतू आखूड व ताठर होत जातात, म्हणून त्यांत बहुधा काही नवे तंतू मिसळावे लागतात. आखूड तंतूंचा कागद ताण कमी सोसतो. परंतु त्याच वजनाच्या नव्या कागदापेक्षा तो सहसा अधिक अपारदर्शक असतो, आणि दोन्ही बाजूंनी छापावयाच्या पुस्तिकेला हा मोठाच लाभ आहे.

देवनागरीच्या बाबतीत शाईचे हे पसरणे केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. पण १६१६ साली राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. ही लिपी मुद्रणाला सोपी नाही. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद शिरोरेषेतील एका बारीक फटीवर उभा आहे. ती फट शाईने बुजली की ‘करभरणा’चा ‘करमरणा’ होतो आणि ‘निधी’ ओळखू येत नाही. वाचणाऱ्याने हसून सोडून द्यावे अशी ही गोष्ट नव्हे. नवसाक्षर प्रौढ आणि दुसरीतले मूल अक्षर जसे दिसते तसेच वाचतात. यास्तव अशा कागदावर बारा पॉइंटांहून लहान अक्षर घेऊ नये. काड्या फार बारीक आणि पोकळ्या फार अरुंद असलेले वळण टाळावे. गडद पट्ट्यावर पांढरी अक्षरे तर मुळीच नकोत. शाई चहूबाजूंनी आत सरकते आणि अनुस्वार नाहीसा होतो. मजकूर केवळ काळ्या शाईत छापावा, चार रंगांच्या मिश्रणातून काळा साधू नये.

छायाचित्रांनाही हाच न्याय लागू आहे. आर्ट पेपरवर इंचाला १५० ते १७५ ओळींची जाळी चालते, लेपरहित कागदावर १०० ते १३३ ओळी पुरेत. चित्रातील मधल्या छटा आधीच थोड्या उजळ करून द्याव्यात, कारण छापताना प्रत्येक बिंदू फुगणारच. पुनर्निर्मित कागदाचा धुरळा यंत्राच्या रबरी ब्लँकेटवर साचतो व छपाईत पांढरे ठिपके उमटतात. ब्लँकेट मधूनमधून पुसण्यास मुद्रकास आवर्जून सांगावे.

आता निवडीविषयी. निविदेत ‘शुभ्र कागद’ एवढेच लिहिण्याची रीत प्रस्तुत लेखकास चुकीची वाटते. शुभ्रता ही गुणवत्ता नव्हे, आणि किंचित करडा वा पिवळसर कागद डोळ्यांना सुखावहच असतो. वजन लिहावे: आतील पानांस दर चौरस मीटरला ७० ते ८० ग्रॅम, मुखपृष्ठास २०० ते २५०. कागदात वापरून झालेली रद्दी किती आणि गिरणीतीलच कातरण किती, हेही विचारावे. दोन्हींस एकच नाव दिले जाते. नमुन्याचा ताव उजेडासमोर धरून पाहावा. लगदा ढगासारखा कोठे दाट, कोठे विरळ दिसल्यास छपाई डागाळते. पेनाने रेघ ओढावी; ती फुटली तर खळ कमी आहे. एक चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केला असता तो ज्या अक्षाभोवती गुंडाळला जातो, ती तंतूंची दिशा. पुस्तिकेची घडी त्याच दिशेने पडली पाहिजे, अन्यथा ती नीट उघडत नाही.

प्रशस्तिपत्रे व निमंत्रणे यांकरिता हातकागद उत्तम. पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासूनची. सुती कापडाच्या चिंध्यांपासून केलेल्या या कागदाचे तंतू लांब व चिवट असतात. मात्र त्याच्या खडबडीत पोतावर लेझर छपाई धड बसत नाही. स्क्रीन प्रिंटिंग करावे.

गोव्यासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात कागद ओल शोषतो, ताव रुंदीत वाढतो आणि रंग एकमेकांवर जुळत नाहीत. पुडकी भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत आणि यंत्रावर चढविण्याच्या वेळीच फोडावीत. छापलेले ताव निदान एक दिवस वाळू द्यावेत.

एका ठिकाणी मात्र मिश्र रद्दीचा कागद वापरू नये, आणि ते म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंदवही, ग्रामसभेचे इतिवृत्त. अशा रद्दीत वृत्तपत्रांचा लगदा असतो. त्यातील लिग्निनमुळे कागद पिवळा पडतो आणि पुढे तुटतो. दीर्घकाल टिकणाऱ्या कागदासाठी १९९४ साली प्रसिद्ध झालेले आंतरराष्ट्रीय मानक ९७०६ सामू ७.५ ते १० मागते, शिवाय आम्लाशी झुंजण्यास सुमारे २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका साठा मागते. पन्नास वर्षांनी एखादी वृद्धा आपल्या जन्मतारखेचा दाखला मागावयास येईल, तेव्हा ते पान उलटता आले पाहिजे. नोंदवहीच्या खरेदीपत्रात म्हणून ‘आम्लविरहित’ हा शब्द घालावा आणि पुरवठादाराकडून तसे लेखी घ्यावे.